६२-३-२ : हॅगलरचं रेकॉर्ड कसं वाचायचं, आणि पोराला प्रोफेशनल होऊ द्यावं का

निपाणीहून एका गृहस्थांनी विचारलंय. पुतण्या अठरा वर्षांचा, कॉलेज आणि बॉक्सिंग दोन्ही कोल्हापूरला. जिल्ह्याच्या स्पर्धेतली पदकं आहेत, आणि मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत मिडलवेट वजनगटाचा अमेरिकन जगज्जेता मार्विन हॅगलर याच्या जुन्या लढती बघत बसतो. आता बारावी झाली की थेट प्रोफेशनल व्हायचं म्हणतोय. काकांचे प्रश्न दोन. ज्याच्या नावापुढं ६२-३-२ लिहिलंय, म्हणजे जो तीनदा हरलाय आणि दोनदा बरोबरीत सुटलाय, त्याला लोक एवढं डोक्यावर का घेतात? अमेरिकेचाच फ्लॉइड मेवेदर तर ५०-० आहे. आणि दुसरा, पोराला या वाटेनं जाऊ द्यावं का?

मी फौजेत ग्लोव्हज घातले, पलटणीसाठी लढलो, आणि पेन्शनीत आल्यापासून बेळगावात पोरांना शिकवतोय. स्वतः प्रोफेशनल कधी नव्हतो, हे आधीच सांगतो. पण रेकॉर्ड वाचणं हे आमचं रोजचं काम. कुठल्या पोराला कुणासमोर उभं करायचं आणि कुणासमोर अजून वर्षभर नाही, ते त्यावरूनच ठरवावं लागतं.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला खरं म्हणजे अवघड जाऊ नये. आनंदवाडीच्या आखाड्यात नाहीतर येळ्ळूर-कंग्राळीच्या मैदानात पुढं बसलेला म्हातारा घ्या. ‘अमक्यानं पन्नास कुस्त्या मारल्या’ म्हटलं की तो लगेच मान डोलवत नाही. जोड कुणाबरोबर होती? निकाली की गुणावर? मैदान कुणाच्या गावचं, पंच कोण? समोरचा ताजा होता की दुखणं घेऊन उतरला होता? एवढं विचारून झाल्यावर मग तो ठरवतो, पैलवान किती पाण्यात आहे ते. बॉक्सिंगचं रेकॉर्ड तसंच वाचायचं. पहिला आकडा जिंकलेल्या लढतींचा, दुसरा हरलेल्या, तिसरा बरोबरीच्या. हॅगलरच्या ६२ विजयांतले ५२ निकाली, म्हणजे समोरचा एक तर दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, नाहीतर रेफरीनं किंवा त्याच्याच माणसांनी लढत थांबवली.

आता ते तीन आणि दोन कुठनं आले ते बघू. सगळी गंमत तिथंच आहे.

हॅगलर जन्मला न्यूअर्कला, १९५४ साली. १९६७ च्या दंगलीत वस्ती होरपळली, त्यानंतर आई पोरांना घेऊन ब्रॉकटनला आली. हे ब्रॉकटन म्हणजे रॉकी मार्सियानोचं गाव, ४९-० वाला. म्हणजे बघा, जिथं शून्य पराभवाचा देव्हारा होता तिथंच हा वाढला. पेट्रोनेली म्हणून दोघे भाऊ तिथं जिम चालवायचे, बांधकामाची ठेकेदारीही करायचे. दिवसा त्यांच्याकडं बांधकामावर राबायचं, संध्याकाळी त्यांच्याच जिममध्ये. १९७३ मध्ये ॲमॅच्युअरचं, म्हणजे हौशी बॉक्सिंगचं, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून प्रोफेशनल झाला. पहिल्या लढतीचे पन्नास डॉलर मिळाले असं सांगतात. शेवटच्या लढतीपर्यंत कोपऱ्यात तेच दोघे भाऊ होते. पैसा आला की गुरू बदलणारे बॉक्सर डझनानं दिसतील, म्हणून ही गोष्ट मी पोरांना मुद्दाम सांगतो.

पहिली बरोबरी १९७४ ची. समोर शुगर रे सील्स, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. आधी बॉस्टनला हॅगलरनं त्याला गुणांवर हरवलं होतं. मग काही महिन्यांतच सिअॅटलला, म्हणजे सील्सच्या घरच्या अंगणात, दुसरी लढत झाली आणि ती बरोबरीत सुटली.

मग १९७६. दोन महिन्यांच्या अंतरानं दोन पराभव, दोन्ही फिलाडेल्फियात: आधी बॉबी वॉट्स, मग विली मन्रो. त्या काळातलं फिलाडेल्फिया म्हणजे मिडलवेटचं आगर. तिथल्या जिममधला सरावसुद्धा बाहेरच्या लढतींपेक्षा जड असायचा. वॉट्सबरोबरचा निकाल बघणाऱ्यांनाही पटला नव्हता. मन्रोचा मात्र खरा होता, त्या दिवशी मन्रोच भारी पडला.

आमच्या हॉलवर एका पोराला हे सांगत होतो, तर ते म्हणतं, ‘‘सर, म्हणजे तो दोनदा पडला की हो!’’ पडला नाही रे बाबा, हरला. या दोन्हींत फरक आहे. पुऱ्या कारकिर्दीत एकदाच, १९८४ मध्ये हुआन रोल्डानसमोर, रेफरीनं त्याच्यावर आकडे मोजले. तेही त्यानं कधी मान्य केलं नाही, ढकललं गेलो म्हणायचा.

आणि आता दुसरी बरोबरी, १९७९ ची, विटो अँटुओफेर्मोबरोबर. ही जगज्जेतेपदाची लढत, पंधरा राऊंडची, लास व्हेगासला. त्या वेळेपर्यंत हॅगलर पन्नासच्या आसपास लढती खेळलेला, आणि किताबाची संधी ही पहिलीच. कारण उघड आहे. डावखुरा, जड हाताचा, आणि मागं कुणी मोठा प्रमोटर नसलेला. अशा माणसाशी लढून विजेत्याला फायदा काहीच नाही, धोका मात्र पुरा. पहिले काही राऊंड हॅगलर स्पष्ट पुढं होता, नंतर जरा सैल पडला, आणि जजांनी बरोबरी दिली. बरोबरी झाली की किताब जुन्याकडंच राहतो. म्हणजे हरल्यासारखंच.

आता या चार डागांचं पुढं काय झालं ते वाचा. सील्सला १९७९ मध्ये पुन्हा गाठला, पहिल्याच राऊंडला निकाल लावला. मन्रोला १९७७ मध्ये दोनदा हरवलं, दोन्ही निकाली, आणि दुसऱ्यांदा तर फिलाडेल्फियातच जाऊन. वॉट्सला १९८० मध्ये दुसऱ्या राऊंडला. अँटुओफेर्मोला १९८१ मध्ये असा रक्तबंबाळ केला की त्याच्या कोपऱ्यातल्यांनी त्याला पुढच्या राऊंडला पाठवलंच नाही. ज्यांच्याबरोबर हिशेब अर्धा राहिला होता, त्या चौघांकडं तो परत गेला आणि चुकता करून आला.

हे ५०-० मध्ये दिसत नाही. मेवेदर लहान बॉक्सर होता असं कोणी म्हणू नये. अल्वारेझ आणि पॅकियावला हरवणं खायचं काम नाही, आणि बचावात त्याच्याइतका हुशार माणूस मी तरी पाहिला नाही. पण त्याची पन्नासावी लढत, २०१७ ची, ज्या मॅक्ग्रेगरशी झाली, तो प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच उतरला होता. म्हणजे ५० हा आकडा पूर्ण करणारी लढत एका नवशिक्याबरोबरची. शून्य एकदा नावापुढं लागलं की ते विकलं जातं, आणि विकलं जातं म्हणून जपलं जातं. जोड निवडून लावली जाते. हॅगलरला जपायला कोणी नव्हतंच, त्यामुळं त्याच्या रेकॉर्डमध्ये जे आहे ते सगळं कमावलेलं आहे.

किताब त्याला अखेर परदेशात मिळाला. सप्टेंबर १९८०, लंडनचं वेंब्ली, समोर तिथलाच ॲलन मिंटर. तिसऱ्या राऊंडला मिंटरच्या चेहऱ्यावर इतक्या जखमा झाल्या की रेफरीनं लढत थांबवली, आणि प्रेक्षकांतून बाटल्या यायला लागल्या. नवा जगज्जेता रिंगमध्ये खाली वाकलेला, वरून कोपऱ्यातली माणसं अंगाची ढाल करून उभी. पट्टा कमरेला बांधायच्या आधी पोलिसांच्या गराड्यात त्याला आत न्यावं लागलं. त्या क्षणासाठी माणूस सात वर्षं थांबला होता. पुढं त्यानं तो किताब बारा वेळा राखला.

तुमचा पुतण्या थॉमस हर्न्सबरोबरची लढत बघत असणार, ती सगळेच बघतात. १५ एप्रिल १९८५, आठ मिनिटं आणि वर एक सेकंद, तिसऱ्या राऊंडला निकाल. बघायला जबरदस्त आहे, पण शिकायला फार उपयोगाची नाही. तशी लढत आयुष्यात एकदाच लढता येते, आणि हर्न्सचा उजवा हात पहिल्याच राऊंडला मोडला होता हे पोरांच्या लक्षात येत नाही. मी शिकवताना टोनी सिब्सनची लावतो, फेब्रुवारी १९८३. आवाज बंद करून लावतो आणि पोरांना फक्त पाय बघायला सांगतो. हॅगलर डावखुऱ्या पवित्र्यात, म्हणजे उजवा पाय पुढं. सिब्सनचा डावा पाय पुढं. हॅगलरचा पुढचा पाय दर वेळी सिब्सनच्या पुढच्या पायाच्या बाहेर जाऊन पडतो, वीतभरच, पण बाहेर. पाय बाहेर पडला की त्याचा उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, थेट तोंडावर जातो आणि मागून येणाऱ्या डाव्या हाताला रस्ता मोकळा. सिब्सनला मात्र मारायच्या आधी अंग वळवावं लागतं, आणि वळेपर्यंत दुसरा जॅब येऊन गेलेला असतो. सहाव्या राऊंडला संपलं. यात राग नाही, आरडाओरडा नाही. नुसता जॅब आणि पाय. पुतण्या डावखुरा असेल तर त्याला ही लढत महिनाभर रोज बघू दे.

हॅगलर सराव कसा करायचा हेही एकदा बघण्यासारखं आहे. लढत ठरली की तो समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाऊनला जाऊन राहायचा, थंडीत, सगळं गाव बंद असताना. त्या मुक्कामाला तो तुरुंगच म्हणायचा. पळायचा जड बूट घालून, आणि मागं मागं धावत जॅब टाकायचा. आमची पोरं व्हॅक्सिन डेपोत दोन फेऱ्या मारून झाडाखाली सेल्फी काढतात. राजहंसगडाचा चढ सांगितला की निम्म्यांचा गुडघा दुखायला लागतो.

आता उरला तिसरा पराभव. ६ एप्रिल १९८७, शुगर रे लेनर्ड. इथं काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लपलंय.

लेनर्ड त्याआधीच्या पाच वर्षांत एकदाच लढला होता, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं. हॅगलर विजेता, त्यामुळं मानधन त्यालाच जास्त. लेनर्डच्या माणसांनी पैशाच्या बदल्यात तीन गोष्टी मागून घेतल्या. पंधराऐवजी बारा राऊंड. मोठी रिंग. आणि जास्त गादीचे, दहा औंसांचे ग्लोव्हज. मोठी रिंग म्हणजे पळायला जागा, दहा औंस म्हणजे हॅगलरच्या ठोशाची धार बोथट, आणि बारा राऊंड म्हणजे लेनर्डची दमछाक सुरू होते तिथं घंटा. त्यात हॅगलर पहिले दोन राऊंड उजव्या पवित्र्यात लढला आणि ते फुकट घालवले. एका जजनं ११५-११३ हॅगलरला दिले, दुसऱ्यानं ११५-११३ लेनर्डला, तिसऱ्यानं ११८-११० लेनर्डला. तो ११८-११० चा कागद कुठल्या लढतीचा होता हे मला आजवर उमगलेलं नाही. पण बाकीच्या दोन कागदांवरून एवढं दिसतं, की एखाददुसऱ्या राऊंडचा फरक होता. तो एखाददुसरा राऊंड करारातच देऊन टाकला होता.

या डागाकडं मात्र तो परत गेला नाही. आधी त्यानं वाट बघितली, वर्षभर. लेनर्ड तयार होईना. १९८८ मध्ये यानं निवृत्ती जाहीर केली आणि इटलीत जाऊन राहिला, तिकडच्या मारधाडीच्या सिनेमांत कामं केली. पुढं लेनर्डकडून बोलावणं आलं, पैसा प्रचंड होता, हा नाही म्हणाला. लेनर्ड स्वतः परत येत राहिला, १९९१ मध्ये टेरी नॉरिसकडून मार खाल्ला, १९९७ मध्ये चाळिशीत कामाचोसमोर पाचव्या राऊंडला संपला. हर्न्स २००६ पर्यंत लढला. त्याच काळातला चौथा मोठा, रॉबर्टो दुरान, ११९ लढती खेळून २००१ मध्ये, पन्नाशीत थांबला. लेनर्ड, हर्न्स, दुरान आणि हा, या चौघांत एकदा थांबलो म्हणून खरंच थांबलेला हॅगलर एकटा. माझ्या हिशेबात ६२ पेक्षा ही गोष्ट मोठी आहे. डोक्याला बसलेले ठोसे लढतींपुरते मोजायचे नसतात, सरावातलेही त्यात येतात, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांतले सगळ्यात महाग पडतात कारण पाय मंद झालेले असतात. तो १३ मार्च २०२१ ला गेला, ६६ वर्षांचा होऊन.

त्याच आठवड्यात आपल्या जवळच एक लढत झाली होती. १९ मार्चला पणजीत मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर, गच्चीवर रिंग लावून. विजेंदर सिंग, १२-०, विरुद्ध रशियाचा आर्तिश लोप्सान, ज्याच्या नावावर जेमतेम सहा लढती. चोर्ला घाट उतरून इकडचीही पोरं जायला निघाली होती, कोरोनामुळं बरीच अडली. पाचव्या राऊंडला विजेंदर हरला. लोप्सान उंच, तरुण, हात लांब. विजेंदर पस्तिशीचा, आणि सोळा महिने रिंगमध्ये उतरलेला नव्हता. कागदावर १२-० विरुद्ध नवखा. पण मैदानातला म्हातारा असता तर त्यानं आधीच विचारलं असतं, मधले सोळा महिने हा कुठं होता?

आणि विजेंदर प्रोफेशनल कधी झाला? २०१५ मध्ये. त्याआधी बीजिंगचं ऑलिंपिक कांस्य, तीन ऑलिंपिक, पोलिसातली नोकरी, घराघरात नाव. प्रमोटर ब्रिटनचा, फ्रँक वॉरन. पोरं ‘विजेंदरसारखं’ म्हणतात तेव्हा हा भाग गाळून म्हणतात.

म्हणून पुतण्याबद्दल माझं स्पष्ट मत: आत्ता नको. ॲमॅच्युअरमध्ये तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात, प्रोफेशनलमध्ये चारपासून बारापर्यंत. अठराव्या वर्षी श्वास, मान आणि हाताची हाडं तेवढी पिकलेली नसतात. दुसरं, क्रीडा कोट्यात रेल्वे, पोलीस, फौज यांत मोजली जातात ती ॲमॅच्युअर स्पर्धांची पदकं. प्रोफेशनल पट्टा दाखवून नोकरी लागलेला मला अजून कोणी भेटलेला नाही. आपल्याकडं छोट्या कार्यक्रमातल्या चार राऊंडच्या लढतीचं मानधन प्रवास, खुराक आणि हाताच्या पट्ट्यांत संपून जातं.

सीमाभागातला आणखी एक घोळ आहे, तो आताच सोडवा. पदकं कोल्हापूर जिल्ह्याची, आधार कार्ड निपाणीचं म्हणजे बेळगाव जिल्ह्याचं. शाळा-कॉलेजच्या स्पर्धा जिथं शिकतो तिथून चालतात. पण राज्याच्या संघाची निवड आली की रहिवासाचा दाखला मागतात, आणि मग पोरगं ना इकडचं ना तिकडचं होतं. महाराष्ट्राकडून खेळायचं की कर्नाटकाकडून हे यंदाच ठरवा. कर्नाटकाकडून म्हणजे चाचणीला बंगळुरू, रात्रभराचा प्रवास आणि सगळा कारभार कन्नडमध्ये. तेवढी कन्नड त्याला आली पाहिजे, नुसतं ‘गोत्तिल्ला’ (माहीत नाही) म्हणून भागत नाही. फौजेत जायची तयारी असेल तर तिसरी वाट आहे. सर्व्हिसेसकडून खेळणाऱ्याला हा राज्याचा प्रश्नच येत नाही, आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये बॉक्सिंगची सोय देशात नावाजलेली आहे.

तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, राष्ट्रीय पदक खिशात असताना, तेव्हाही त्याला प्रोफेशनलच व्हायचं असलं तर खुशाल होऊ दे. त्या वेळी एक करा. कोणी करार घेऊन आला तर सही करायच्या आधी तो चिकोडीच्या कोर्टातल्या एखाद्या बऱ्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. किती वर्षांचा बांधील, वर्षाला किमान किती लढती, जोड नाकारायचा हक्क कुणाला, दुखापत झाली तर दवाखाना कुणाचा, डोक्याचं स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी कोण करून देणार. यातल्या दोनांची उत्तरं जरी ‘बघू नंतर’ अशी आली तरी चहा पाजून परत पाठवा.

तोवर पोराला एकदा बेळगावला घेऊन या. सरावाचे ग्लोव्हज, दातांचं गार्ड आणि स्वतःच्या पट्ट्या आणू दे, पट्ट्या आम्ही कोणाच्या कोणाला देत नाही. सोमवारी हॉल बंद असतो.